पॉलिसीत बसत नाही

आत्यांनी ठेचा ताटाच्या कडेला सरकवला, हे घरात फक्त माझ्याच लक्षात आलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. लग्न होऊन डिंगोऱ्यात आले तेव्हापासून त्यांना भाकरीवर ठेचा घेऊन जेवतानाच पाहिलं होतं, आणि तो ठेचा असा, की आपल्याला नुसत्या वासानं ठसका लागावा. त्या दिवशी मात्र त्यांनी भाकरी दुधात कुस्करली आणि एका बाजूनं, हळूहळू चावत राहिल्या.

"तोंड आलंय का आत्या?"

"न्हाई गं. उष्णतेचं व्हतं आसं."

"आत्ता? दिवाळीच्या थंडीत?"

"मग थंडीचं आसंल. जेव तू."

माझी लेक आरती तेव्हा नुकती चालायला लागली होती. ती दिवसभर काय काय तोंडात घालते हे बघण्यात माझा जन्म चालला होता, आणि त्या नादात घरातल्या सगळ्यांच्याच तोंडाकडे बघायची सवय मला लागली होती. माझे यजमान सुदर्शन म्हणायचे, बी.कॉम. झालीस पण नजर नर्सची आहे. हसण्यावारी न्यायचे. मी मात्र ताटावर नजर ठेवून होते. पुढच्या आठवड्यात लोणचं गेलं. मग चहासुद्धा त्या निववून प्यायला लागल्या.

त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार चार साली, सुदर्शन चाकणजवळच्या ज्या कंपनीत होते तिनं कामगारांच्या आईवडलांनाही मेडिक्लेममध्ये घेतलं होतं. मामा, म्हणजे माझे सासरे हौशीराम, आधीच गेलेले, त्यामुळे आईवडलांच्या जागी आत्या एकट्याच. त्यांच्या फोटोचं प्लास्टिकचं कार्ड आलं. आयुष्यात स्वतःच्या नावाचं पहिलंच काही त्यांच्या हातात आलं होतं. त्यांनी ते सगळ्या आळीत फिरवलं.

"माझा फोटू कंपनीत गेला," त्या शेजारच्या धोंडाबाईंना म्हणाल्या. "काय बी झालं तरी कंपनी बघनार."

"फोटूत लई गंभीर दिसती गं साळू. कंपनीला वाटंल, म्हातारी आधीच आजारी हाय."

आत्या खूप हसल्या. मग कार्ड पदरानं पुसून पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली ठेवलं.

तेच कार्ड घेऊन सुदर्शन त्यांना जुन्नरला दवाखान्यात घेऊन गेले. कार्ड तिथं लागणार नव्हतं, पण आत्यांना ते सोबत हवं होतं. मी बाहेर बाकावर आरतीला घेऊन बसले, कारण ती आत रडून गोंधळ घालत होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?" सुदर्शन म्हणाले, "काही नाही. लावायचं औषध दिलंय आणि ताकदीच्या गोळ्या." आम्ही एसटीनं परत आलो. औषध लावलं की बरं वाटायचं, संपलं की पुन्हा तेच.

असे कितीतरी महिने गेले. आत काय विचारलं गेलं होतं ते मला कळलं आरतीच्या दाढांमुळे.

दाढा येत होत्या आणि पोर किरकिर करत होती. मी धुणं धुऊन आले तर ओट्यावर शांतता. आत्यांच्या मांडीवर आरती गाढ झोपलेली, आणि आत्यांचं बोट काळं. मी धुण्याची बादली तिथंच सोडली. पोरीचं तोंड उघडून पाहिलं, तर हिरडीवर काळी रेघ.

"मिसरी लावली?"

"चिमूटभर. दुखत व्हतं लेकराला. तुझ्या नवऱ्याला बी मी आशीच..."

"आत्या, तंबाखू आहे ती."

"तंबाखू कशी आसंल?" त्या खरोखर चकित झाल्या. "तंबाखू बाप्ये खात्यात. ही मिसरी हाय. दाताला लावायची."

आमच्या घरी मिसरी आत्याच भाजायच्या. बाजाराच्या दिवशी जुन्नरहून पानं आणायच्या, तवा चुलीवर ठेवायच्या, पानं काळी होईपर्यंत परतायच्या आणि तळहातावर चुरून डबीत भरायच्या. त्या पानांना त्या 'पाला' म्हणायच्या. तंबाखू हा शब्द त्यांच्यासाठी मामांचा होता. मामा तंबाखू मळायचे, तेव्हा आत्यांनी त्यांची चंची दोनदा विहिरीत टाकली होती, आणि शेवटी मामांनी सोडली होती. ही गोष्ट आळीत सगळ्यांना माहीत होती आणि आत्यांना तिचा अभिमान होता.

"डाक्टरनं बी मला हेच इचारलं," त्या म्हणाल्या. "म्हने, आजी, तंबाखू खाता का. म्या म्हनलं, माझ्या घरात तंबाखूनं पाय ठिवला न्हाई. तर त्यानं बी लिवलं, न्हाई."

मी आरतीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होते. माझा हात तिथंच थांबला.

सुट्टीला सुदर्शन आले, तेव्हा मी विचारलं, तुम्ही शेजारी होतात ना, तुम्ही का बोलला नाहीत.

"काय बोलायचं होतं? आई कुठं तंबाखू खाते?"

त्यांचा आवाज अगदी सरळ होता. ते या घरात वाढलेले. सकाळी आई डबी घेऊन उंबऱ्यात बसते, हे त्यांच्या लेखी चूल पेटण्यासारखंच होतं. ते डॉक्टरला सांगायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं असतं?

मी आत्यांना मंचरला नेलं, दातांच्या बाईंकडे. माझं माहेर लोणीचं, त्यामुळे तिकडचा दवाखाना मला माहीत होता. बाईंनी आरसा घालून गाल ओढला आणि मलाही दाखवलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, भाताची पेज वाळून चिकटावी तसा.

"आजी, मिसरी किती वेळा लावता?" त्यांनी पहिलाच प्रश्न तो विचारला.

"येकदाच. सकाळी." आत्या थांबल्या. "आन भाकरी झाल्याव. आन धार काढून आल्याव. आन दुपारचं जरा आडवं व्हायच्या आधी. न्हाईतर डोकं चढतं."

बाई हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "अजून हा कॅन्सर नाही. होऊ शकतो. मिसरी बंद झाली तर चट्टा कमीही होतो, मी पाहिलंय. पण नुसतं सोडा म्हटल्यानं या वयात सुटत नाही. पुण्यात मोठ्या दवाखान्यात तंबाखू सोडवायचा वेगळा विभाग आहे. दर आठवड्याला जावं लागेल, काही महिने. बोलतात, गोळ्या देतात, डोकं दुखलं, पोट साफ झालं नाही तर त्यावरही देतात. ते करा."

एसटीत आत्या म्हणाल्या, "कार्ड हाय की. कंपनीला इचार."

सुदर्शनना साहेबांपुढं बोलायला जमत नाही. म्हणून मी गेले. आरतीला कडेवर घेतलं आणि मंचरच्या बाईंची चिठ्ठी पिशवीत टाकली. कंपनीत मेडिक्लेमचं बघणारे भगवंतदादा आमच्या लोणीचेच निघाले. मी गावची लेक म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली, आरतीला बिस्किट दिलं आणि सुदर्शनना चहा सांगायला पिटाळलं.

"पावणं लई मुखदुर्बळ हायेत तुझं," ते म्हणाले. "चार वर्षं झाली, मला फक्त नमस्कार घातलाय. बोल ताई."

मी सांगितलं. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला.

"हे बसत न्हाई, ताई."

"म्हणजे?"

"पॉलिसीत. बघ, पाय मोडला, बसतो. मोतीबिंदू बसतो. तुझं बाळंतपण झालं, ते बसलं. मानूस ॲडमिट व्हायला लागतो, एक दिवस तरी खाटंवर झोपायला लागतो. हे जाऊन बोलून यायचं, गोळ्या घ्यायच्या. आन वर व्यसन. व्यसन तर त्यात सरळ नाकारलंय, दारू काय न् तंबाखू काय. सवय बसत न्हाई."

"पण त्या सवयीनं आजार झाला तर?"

"आजार बसतो."

"कॅन्सर झाला तर?"

"तो तर पुरा बसतो. आपरेशन, खोली, सगळं." ते बोलून गेले, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "आसं तोंडातून काढू नको, ताई. लेकरू हाय मांडीवर."

मी काढलं नव्हतं. मी फक्त विचारलं होतं.

ते भले माणूस होते. त्यांनी पुण्याला फोन लावून बघितला, विमा कंपनीच्या माणसाला दोनदा विचारलं, माझ्यासमोर. तिकडूनही तेच उत्तर. निघताना म्हणाले, "तू ने त्यांना तशीच. ह्याच्यात बसायची वाट बघू नको."

मी तेच करणार होते. पण घरी आल्यावर सगळं वेगळंच झालं. मी दोघांना समोर बसवून सांगितलं, आणि सुदर्शनच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी उमटलं.

"म्हणजे आजार नाही तो."

"आजार नाही असं कोण म्हणालं?"

"अगं, कंपनीनं मोठमोठे डॉक्टर बसवून ठरवलंय ना, काय आजार आहे न् काय नाही. मोतीबिंदूसुद्धा घेतलाय. हे घेतलं नाही, म्हणजे ही नुसती सवय. सवय घरी सुटते."

"मंचरच्या बाई म्हणाल्या..."

"त्या दातांच्या आहेत."

मला वाटलं आत्या तरी माझ्या बाजूनं बोलतील. त्या पेटीकडे बघत होत्या. "कंपनीला जे दुखनं वाटत न्हाई," त्या म्हणाल्या, "त्याच्यापायी मी दर आठवड्याला पुन्याला जाऊ? त्या बेवड्यांच्या रांगंत? लोक काय म्हनतील, साळुबाईला व्यसन लागलं? मी सोडते की. तुझ्या मामांची न्हाई का सोडवली?"

त्यांनी खरंच सोडली. डबी स्वतःच्या हातानं माझ्याकडे दिली. मी लवंगा आणून दिल्या, बडीशेप भाजून दिली. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्यांचं डोकं ठणकायला लागलं. पोट साफ होईना. भांडं आपटलं की दचकायच्या. ज्या आरतीसाठी जीव टाकायच्या तिच्यावर एकदा अशा ओरडल्या की पोर माझ्या पायांत शिरली, आणि मग स्वतःच डोळ्याला पदर लावून बसल्या. मंचरच्या बाई हेच सगळं सांगत होत्या, यावर तिकडे औषध असतं म्हणून. आमच्याकडे बडीशेप होती.

धोंडाबाई सकाळी डबी घेऊन त्यांच्या उंबऱ्यात बसायच्या आणि समोरून बोलायच्या. "काय गं साळू, सून दात बी घासू देत न्हाई व्हय?"

"न्हाई तर काय," आत्या म्हणायच्या. "शिकल्याली हाय. उद्या म्हनंल, आंघूळ बी करू नगा."

दोघी हसायच्या. आत्यांचं हसू आधी संपायचं.

कांदा काढणीला आला आणि ते मोडलं. दिवसभर उन्हात वाकून काम, बाया ओळीनं बसलेल्या, आणि मधल्या सुट्टीत डबी हातोहात फिरते. त्या संध्याकाळी आत्या घरी आल्या त्या खूप दिवसांनी शांत होत्या. आरतीशी खेळल्या. मी काही विचारलं नाही. मला वास आला होता. नंतर गोठ्यात, पेंडीच्या पोत्यामागं दुसरी डबी सापडली. मी सुदर्शनना सांगितलं, आता तरी पुण्याला जाऊ, मी नेते, तुम्ही रजासुद्धा काढू नका. ते म्हणाले, कांदा होऊ दे. कांदा झाला. मग म्हणाले, पाऊस लागला, आरतीला कुठं ठेवशील. मी माहेरी ठेवते म्हटलं. आत्या म्हणाल्या, मी येनार न्हाई, मला वढून न्हेनार का.

ओढून कसं नेणार? मी नेलं असतं, तरी त्या बोलल्या नसत्या तिथं.

पुढच्या वर्षी चट्ट्यावर गाठ आली. यावेळी सुदर्शननीच टॉर्च लावून पाहिलं आणि टॉर्च तसाच चालू ठेवून अंगणात जाऊन उभे राहिले. तुकडा काढून तपासला. रिपोर्ट आला त्या दिवशी भगवंतदादांचा फोन शेजारी आला. मी पळत गेले.

"ताई, बसतंय," ते म्हणाले. आवाज खाली होता. "सगळं बसतंय. काळजी करू नको. नुसतं कार्ड दाखवायचं." मग "माफ कर," ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांनी कशाची माफी मागितली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आत्यांना आम्ही सांगितलं, गाठ आहे, काढायची आहे. पुण्याच्या दवाखान्यात त्या नवं लुगडं नेसून गेल्या. खिडकीवर कार्ड सुदर्शननी नाही, त्यांनी स्वतः दिलं. आतल्या मुलीनं फोटो बघितला, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आजी, छान आलाय फोटो." आत्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, ऐकलंस ना, असं.

डावा गाल आणि खालचा अर्धा जबडा काढला. छातीचं कातडं घेऊन तिथं लावलं. नाकातून नळी. एक पैसाही भरावा लागला नाही, आणि सुदर्शन हे गावात सगळ्यांना सांगत राहिले. कंपनीनं आईला वाचवलं, म्हणत राहिले. लोकही मान हलवायचे. पारावर पॉलिसीचं कौतुक झालं. मला त्यांच्यावर राग धरता येत नव्हता. एवढं एकच सांगण्यासारखं त्यांच्याकडे उरलं होतं.

घरी आल्यावर आत्यांचं बोलणं मला आणि आरतीलाच कळायचं. आरतीला तर माझ्यापेक्षा जास्त. महिनाभरानं नळी निघाली आणि एका सकाळी त्यांनी मला जवळ बोलावून, उजव्या बाजूला राहिलेल्या दातांवरून बोट फिरवून दाखवलं.

"नाही आत्या."

त्यांनी चिमटीएवढं दाखवलं.

"जखम भरू दे. जखम भरली की मग बघू."

हे मी घाबरून बोलले, पण त्यांनी ते धरून ठेवलं. रोज सकाळी बोट फिरवायच्या, मी म्हणायचे, जखम भरली की बघू, आणि त्या मान डोलवायच्या. तो आमचा खेळच झाला. कधी तोंड वाकडं करून म्हणायच्या, "लई खट हायेस." मी नाही म्हणते आहे म्हणजे पुढं काहीतरी आहे, जपण्यासारखं आहे, असं त्या नकारातून त्यांना वाटत असावं. मलाही वाटायचं.

मग मानेला गाठ लागली. पुन्हा पुणे, पुन्हा तपासण्या. मोठ्या डॉक्टरांनी सुदर्शनना आणि मला आत घेतलं, आत्यांना बाहेर बसवलं. म्हणाले, आता चिरफाड नको. घरी न्या. दुखू नये म्हणून औषध देतो. जे मागतील ते द्या.

"आईला सांगायचं नाही," सुदर्शन बाहेर येण्याआधी म्हणाले. आम्ही सांगितलं, जखमेला वेळ लागणार आहे, म्हणून घरी पाठवलंय. आत्यांनी मान डोलवली.

पुढच्या बाजाराला सुदर्शन जुन्नरहून कागदात बांधलेली पुडी घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवली. पानं होती.

"दे तिला."

"अहो, नको."

"डॉक्टर म्हणाले ना, मागतील ते द्या. आता काय राहिलंय, प्राची." आणि ते गोठ्याकडे निघून गेले.

मी तवा परसात चुलीवर ठेवला. कधी भाजली नव्हती, पण इतकी वर्षं बघितलं होतं. धूर डोळ्यांत जात होता. धोंडाबाई कुडापाशी आल्या. तव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं काहीतरी बोलतील. त्या परत गेल्या.

मिसरी चुरली, डबीत भरली. आत्या ओट्यावर उन्हात बसल्या होत्या, आरती त्यांच्या पायाशी बांगड्यांचे तुकडे मांडत होती. त्यांनी मला येताना पाहिलं आणि नेहमीसारखं बोट उचललं, खेळ सुरू करायला. मी डबी त्यांच्या हातात ठेवली.

बोट तसंच राहिलं. त्यांनी डबीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी नजर फिरवायला हवी होती, ती मला फिरवता आली नाही.

"जखम भरली व्हय गं?" त्यांनी विचारलं. इतकं स्पष्ट त्या कितीतरी दिवसांत बोलल्या नव्हत्या.

मी तिथंच खाली बसले. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, डोळे मिटले आणि झाकण पुन्हा लावलं. बराच वेळ डबी दोन्ही हातांत धरून बसल्या. मग ती माझ्याकडे दिली.

"सुद्याला बोलीव," त्या म्हणाल्या. "म्हनाव, मला कळलंय. यकटा रडू नगं."

मी गोठ्याकडे गेले. सुदर्शन गव्हाणीवर हात टेकून पाठमोरे उभे होते. मी हाक मारली. ते वळले नाहीत. मी पुन्हा हाक मारली.